आगराचं फाटक: आधी हेल्मेट, मग वेल्डिंग

५ ऑक्टोबर

पाऊस उघडला, पण आगराच्या, म्हणजे घरच्या बागेच्या, मागच्या अंगाचं बेडं यंदा वाचलं नाही. बेडं म्हणजे वाशांचं फाटक. खालचे वासे भिजून इतके मऊ झाले होते की रानडुकरांना फारसा जोर लावावा लागला नसेल. केळींचे कंद उकरलेत, सुरणाचा तर पत्ताच नाही. आई म्हणते, वासे बदला, वर्ष निघतं. वर्ष निघतं हे खरं, पण दर वर्षी तेच काम पुढ्यात येतं. या वेळी लोखंडी फाटक.

गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, वाट चार फूट. फाटकाची उंची साडेतीन. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे खांब आधीपासून उभे आहेत, ते सोन्यासारखे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. चौकट २५ बाय २५ च्या चौकोनी पाइपची, २ मिलिमीटर जाडीची. मधे उभ्या सळ्या, तळाला फूटभर पत्रा, कारण डुक्कर नेहमी खालून तोंड घालतं.

वेल्डिंग मशीन घरात आहे. पुतण्या मुंबईला गेला तेव्हा त्याचं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पडवीत राहिलं. सोबत प्लॅस्टिकची हातात धरायची शील्ड, तिला ११ नंबरची काळी काच. वेल्डिंग रॉडचा होल्डर उजव्या हातात, शील्ड डाव्या हातात, आणि पाइप कुणी धरायचा? घरातल्या कुणाला पाइप धरायला बसवायचं तर त्याच्या डोळ्यांची काळजी. म्हणजे डोक्यावर बसणारं हेल्मेट हवं, आणि आपोआप काळं होणारं हवं. फाटकाआधी हीच खरेदी.

७ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर कागद घेऊन बसलो. काचेचा नंबर म्हणजे नेमकं काय, हे एकदा आकड्यात बघायचं होतं.

काचेतून उजेडाचा किती भाग पार होतो त्याचा लॉगॅरिदम घेऊन हा नंबर ठरतो. आकडेमोड केली तर ३ नंबरच्या काचेतून साधारण १४ टक्के उजेड येतो, ४ नंबरमधून ५ टक्के, १० नंबरमधून ०.०१४ टक्के आणि ११ नंबरमधून ०.००५ टक्के. नंबर एकाने वाढला की उजेड पावणेतीन पटीच्या आसपास कमी होतो. पुतण्याच्या शील्डमधून आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, पेटण्याआधी काहीच का दिसत नाही, ते या शेवटच्या आकड्यावरून कळतं. रोज रॉड चालवणाऱ्याचा हात सरावाने जागेवर पडतो. माझ्यासारखा सुटीतला वेल्डर रॉड नेमक्या जागी धरतो, शील्ड तोंडासमोर आणतो आणि तेवढ्यात रॉड अर्धा इंच सरकलेला असतो.

आपोआप काळ्या होणाऱ्या काचेत लिक्विड क्रिस्टलचे थर पोलरायझरच्या, म्हणजे उजेड गाळणाऱ्या पट्ट्यांच्या, मधे बसवलेले असतात. समोरचे सेन्सर आर्कचा उजेड पकडतात, थरांना व्होल्टेज मिळतं आणि ३ किंवा ४ नंबरची काच क्षणात ९ ते १३ पर्यंत जाते. १९८१ मध्ये स्वीडनच्या हॉर्नेल कंपनीने स्पीडग्लास या नावाने असं पहिलं हेल्मेट बाजारात आणलं. तेव्हा ती मोठ्या कारखान्यांची चैन होती. आता हजार-दीड हजारापासून मिळतात, आणि खरी अडचण इथेच आहे, कारण फोटोत सगळी सारखीच दिसतात.

११ ऑक्टोबर

दापोलीत हार्डवेअरच्या दुकानात दोन प्रकार होते. दोन्ही खोक्यांवर ठळक अक्षरात एकच गोष्ट: काच किती वेगात काळी होते. एकावर १/१०,०००, दुसऱ्यावर १/३०,००० सेकंद. दुकानदार दुसरं पुढे सरकवत म्हणाला, "हे तिप्पट फास्ट, गुरुजी."

तिप्पट फास्ट असेलही. पण १/१०,००० सेकंद म्हणजे ०.१ मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या हजार पटीहून जास्त वेळ लागतो. मुख्य म्हणजे अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर काचेत कायमचा असतो. काच काळी असो वा नसो, सेल असो वा संपलेला असो, तो थर आपलं काम करतच असतो. सेन्सर उशिरा जागा झाला तर डोळे दिपतात, त्रास होतो, दिवसभर तसंच होत राहिलं तर डोकं धरतं. पण रात्री डोळ्यांत वाळू टोचावी तसं होतं, त्याचं मूळ अतिनील किरणांत असतं, आणि ते बहुधा हेल्मेट न घातलेल्याच्या वाट्याला येतं.

त्यामुळे वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत असं ठरवलं. मी उलट प्रश्न विचारला: काळी नसताना काच किती नंबरची? दुकानदाराला माहीत नव्हतं. खोका उघडून काचेच्या कडेवर बारीक कोरलेली ओळ वाचली.

ही ओळ वाचता आली की निम्मी खरेदी झाली. साधारण अशी असते: ४/९-१३, मग बनवणाऱ्याची खूण, मग १/१/१/२/३७९. पहिला ४ म्हणजे उजेडातला नंबर. ९-१३ म्हणजे काळी झाल्यावर कुठून कुठपर्यंत फिरवता येते. शेवटचा ३७९ म्हणजे ईएन ३७९ हे युरोपीय मानक. मधले चार आकडे काचेची प्रत सांगतात, १ सर्वांत चांगला, ३ सर्वांत वाईट: पहिला आकडा प्रतिमा वेडीवाकडी दिसते का याचा, दुसरा काच धुरकट आहे का याचा, तिसरा सगळीकडे काळेपणा सारखा आहे का याचा, आणि चौथा तिरकं बघितल्यावर काय होतं याचा. चौथा आकडा ३ असेल तर मान वाकडी करून बघताना काचेची एक बाजू फिकी, एक बाजू गडद दिसते. फाटकाच्या खालच्या सांध्याला मान वाकडी करावीच लागणार.

दुकानातल्या एकावर ही ओळ अर्धवट होती, दुसऱ्यावर नव्हतीच. दोन्ही परत ठेवली.

१२ ऑक्टोबर

सकाळी मासळीला हर्णै बंदरावर गेलो होतो. लिलाव उरकल्यावर बोटीचं काम करणारे वेल्डर काका भेटले. पंख्याच्या शाफ्टजवळ पट्टी लावत होते. हातात जुनी शील्ड, फायबरची, कड जळून गेलेली. त्यांना आपोआप काळ्या होणाऱ्या हेल्मेटबद्दल विचारलं तर हसले.

"तोंडाला टीव्ही बांधणार काय, गुरुजी?"

पण मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही खोक्यावर छापलेलं नाही. म्हणाले, बोटीच्या पोटात, पाइपच्या मागे, कोपऱ्यात रॉड घातला की त्या हेल्मेटच्या सेन्सरला आर्क दिसतच नाही, काच उघडझाप करते. मुलाने एक आणलं होतं, दोन सेन्सरवालं, त्याला असंच व्हायचं. दुसरं म्हणाले, खारा वारा. सेल बसतो तिथे हिरवं धरतं.

त्यांचा हाताखालचा पोरगा मात्र कसलीच काच न लावता पट्टी धरून तोंड फिरवून बसला होता. तोंड फिरवलं तरी पांढऱ्या रंगाच्या बोटीवरून उजेड परततोच. काकांनाही ठाऊक आहे. "रात्री रडतात, बटाट्याच्या चकत्या ठेवतात, सकाळी परत येतात." त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून कामाशी त्याचा संबंध पटकन लागत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. चकत्यांनी गार वाटतं, एवढंच. डोळा बधिर करणारे थेंब मात्र मनाने आणून पुन्हा पुन्हा घालू नयेत, त्यांनी बुबुळाचं नुकसान होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

२६ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली. चिपळूणला जाणं होतंच. तिथे लोटे-परशुरामच्या कारखान्यांना सुरक्षेचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानात शेवटी घालून बघता येईल असं हेल्मेट मिळालं. घेतलं.

काचेवरची ओळ: ३/९-१३, मधले आकडे १/१/१/२. उजेडात ३ नंबर हाच माझा मुख्य हट्ट होता. ४ च्या तुलनेत पावणेतीन पट उजेड आत येतो, आणि पडवीतल्या अर्धवट उजेडात रॉडचं टोक, खडूची रेघ, दोन पाइपमधली फट हे सगळं आर्क पेटण्याआधी दिसतं. हौसेच्या वेल्डिंगला या हेल्मेटचा खरा उपयोग तो आहे. काळोख सगळीच करतात.

सेन्सर चार, काकांच्या कोपऱ्यासाठी. बघायची खिडकी १०० बाय ६० मिलिमीटर. दुकानातल्या स्वस्तातल्याची ९२ बाय ४२ होती. याहून मोठ्या खिडक्याही येतात, पण हेल्मेट जड होतं आणि मानेला ते संध्याकाळी कळतं. सेल बदलता येणारा, घड्याळाच्या दुकानात मिळणारा सीआर २४५०. सोलर पट्टी पुढे आहेच, पण 'फक्त सोलर' लिहिलेल्या हेल्मेटांत बहुधा आत कायमचा बसवलेला सेल असतो. चार महिने पावसाळ्यात कपाटात पडून तो मेला की अख्खी काच टाकायची. आपल्याकडे चार महिने कपाटातच पडणार.

नंबर फिरवायचं बटण बाहेरच्या बाजूला आहे, हातमोजा घालून फिरतं. सेन्सरची संवेदनशीलता आणि काच परत उजळायला लागणारा वेळ, ही दोन बटणं आत. टोपावर, म्हणजे हेल्मेटच्या कवचावर, ईएन १७५ बी असं कोरलंय. ग्राइंडरचा तुकडा उडाला तर टोप किती सोसेल ते या अक्षरावरून कळतं, एफ म्हणजे सेकंदाला ४५ मीटरने येणारी छोटी गोळी, बी म्हणजे १२०.

यात ग्राइंडिंगचं बटणही आहे, ते दाबलं की काच ३ वरच राहते. मी ते वापरणार नाही. ग्राइंडरला वेगळी पारदर्शक फेसशील्ड आहे, ती स्वस्त आहे आणि ठिणग्यांनी खराब झाली तरी चालते. शिवाय बटण चालू राहून आर्क पेटवण्याचा प्रश्नच मिटतो.

जास्तीच्या बाहेरच्या काचा, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या, पाच घेतल्या. या मापाच्या काचा पुढच्या वर्षी मिळतील का, हे दुकानदाराला हेल्मेटच्या किमतीआधी विचारावं.

२ नोव्हेंबर

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चाचणी. टाकाऊ पाइपचे तुकडे, ६०१३ जातीचा १२ नंबर रॉड, म्हणजे २.५ मिलिमीटरचा. करंट ७० पासून सुरू, मग ८०.

आधी काच तपासली: हेल्मेट उन्हाकडे धरलं, काळं झालं, खळ्याकडे फिरवलं, उजळलं. पण सकाळी नऊचं ऊन तिरकं सरळ सेन्सरवर येत होतं, आणि आर्क नसतानाही काच काळी पडायला लागली. संवेदनशीलता थोडी उतरवली, थांबलं. मग पडवीच्या सावलीत आलो तर टाका, म्हणजे ठिपक्याएवढं वेल्डिंग, मारताना काच मधेच उजळली. बटण परत वर. उघड्यावर काम करणाऱ्याने हे बटण जागा बदलली की फिरवायचंच. ज्या हेल्मेटला हे बटण नाही ते कोकणातल्या खळ्यात निरुपयोगी.

नंबर: ८० अँपिअरला, काचेचा नंबर सुचवणाऱ्या युरोपीय तक्त्यात १० आणि ११ ची हद्द येते, अमेरिकी तक्त्यात ६० ते १६० ला १० सुचवलेला. मला १० ला वितळलेल्या लोखंडाची कड आणि स्लॅग, म्हणजे त्यावर येणारा मळ, वेगळे दिसतात, ११ ला दोन्ही एकजीव वाटतात. १० वर ठेवलं. काम संपल्यावर डोळ्यांसमोर ठिपका तरळत राहिला तर नंबर वाढवायचा, पुढे वाकून वाकून बघावं लागलं तर उतरवायचा.

उजळायचा वेळ: टाक्यांना सर्वांत कमी, ०.१ सेकंदाच्या आसपास, म्हणजे लगेच पुढची जागा दिसते. लांब सांध्याला तोच वेळ कमी पडतो. आर्क विझला तरी लोखंड लालभडक असतं आणि काच उघडल्यावर ते डोळ्यांत येतं. तिथे अर्धा-पाऊण सेकंद.

एक गोष्ट कुठे वाचली नव्हती. ऊन पाठीमागून असलं की ते टोपाच्या मागच्या उघड्या बाजूने आत शिरतं आणि काचेच्या आतल्या अंगावर माझंच तोंड दिसतं. पंचा डोक्यावरून मागे सोडला आणि वर हेल्मेट चढवलं. आतलं प्रतिबिंब गेलं, मानही झाकली गेली. मान झाकणं तसंही गरजेचं आहे. बनियनवर वेल्डिंग करणाऱ्यांच्या गळ्यावर आणि दंडावर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे येतात ते याच किरणांचे. उकाडा आहे, पण जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. टेरिकॉट नको, ठिणगी पडली की अंगाला चिकटतं.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस चष्म्यात गेला.

माझा चष्मा वरून लांबचा, खालून जवळचा. हेल्मेटमध्ये जवळचं बघायचं तर हनुवटी वर करून काचेच्या तळातून बघावं लागतं, आणि हनुवटी वर केली की खिडकी छताकडे. म्हणजे पंचेचाळिशीनंतरच्या माणसाने काचेच्या वर्गापेक्षाही आधी हे बघावं की आतल्या बाजूला भिंगाची खाच आहे का. याला आहे. तिथे १०८ बाय ५१ मिलिमीटरचं पट्टीसारखं भिंग सरकवतात, +१.० पासून +२.५ पर्यंत मिळतं. माझा जवळचा नंबर +२ आहे, पण तो पुस्तकाच्या अंतराचा. रॉड पेटलेला असताना तोंड त्याहून लांब असतं, म्हणून +१.५ घेतलं, आणि आत फक्त लांबचा जुना चष्मा घातला.

फरक इतका की पहिल्या टाक्याला मी थांबून परत बघितलं. रॉडवरचा फ्लक्सचा लेप टोकाला कसा वाटीसारखा आत जळतो आणि मधली तार किंचित मागे राहते, ते दिसत होतं. थेंब पाइपच्या कडेला लागतोय की फटीत जातोय, तेही. याआधी मी आवाजावर चालत होतो: कढईत काही तळल्यासारखा एकसारखा आवाज आला की बरं चाललंय. आवाज आजही तोच होता, पण आता दिसत होतं.

भिंगामुळे आणखी एक: श्वासाची वाफ भिंग आणि काच यांच्यामध्ये बसते. नोव्हेंबरची सकाळ, दव पडलेलं. दहा वाजल्यानंतर त्रास नाही. पावसाळ्यात मात्र होणार.

१६ नोव्हेंबर

चौकट झाली. जमिनीवर सपाट चिरे मांडून त्यावर पाइप, गुण्याने कोपरे जुळवून आधी चारही कोपऱ्यांना टाके, मग कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच पक्कं वेल्डिंग. एका कोपऱ्याला सलग मारलं की चौकट तिकडे ओढली जाते, म्हणून समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून.

बिजागरीच्या पट्ट्यांसाठी घरातला गॅल्व्हनाइज्ड पाइपचा तुकडा वापरला. खाऱ्या वाऱ्यात टिकतो हे खरं, पण जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. धूर अडवणं हे हेल्मेटचं काम नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरने उडवलं, पंखा बाजूने लावला, वारा पाठीवर न घेता कुशीवर घेतला.

खालच्या कोपऱ्यात सळई आणि पत्रा यांच्या बेचक्यात रॉड घालताना काकांचं बोलणं आठवलं. खालचे दोन सेन्सर सळईआड जात होते, वरच्या दोघांनी काच धरून ठेवली. दोन सेन्सरच्या हेल्मेटने इथे नक्की उघडझाप केली असती. बायको लांबूनच विचारत होती, "बघू का आता?" स्लॅग ठोकून काढेपर्यंत नको म्हटलं. तिच्यासाठी जुनी शील्ड खळ्याच्या कठड्यावर ठेवली आहे, बघायचंच असेल तर तिच्यातून.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं, रॉड चिकटायला लागला. आवरलं.

२३ नोव्हेंबर

रेड ऑक्साइडचा हात, वर दोन हात काळा ऑइलपेंट. वेल्डच्या शेजारचे ठिपके आधी छिन्नीने काढले, नाहीतर तिथूनच गंज फुटतो. चौकोनी पाइपची उघडी टोकं पत्र्याचे तुकडे लावून बंद केली. उघडं टोक राहिलं तर पाइप आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही.

फाटक खांबांवर चढवलं. बिजागरीचे खिळे चिऱ्यात थेट बसवले नाहीत. भोक मोठं पाडून सिमेंटमध्ये रोवले, आठवडाभर फाटक टेकूवर.

हेल्मेटची बाहेरची काच ठिपक्यांनी भरली होती, बदलली. जुनी फेकली नाही, टाके मारताना चालेल. आतली काच फक्त मऊ कपड्याने, कोरडी. रॉकेल, थिनर असलं काही लावायचं नाही, प्लॅस्टिकला तडे जातात.

७ डिसेंबर

टेकू काढला. फाटक एका बोटाने फिरतं. तळाचा पत्रा जमिनीपासून दोन बोटं वर आहे. तिथे एक चिरा आडवा रोवायचा बाकी आहे, नाहीतर डुक्कर उकरून खालून येईल. कडी आतून, आईच्या हाताला पोचेल अशा उंचीवर.

हेल्मेट धुतलेल्या, वाळलेल्या पंच्यात गुंडाळून झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. सेल काढून वेगळा ठेवला, खाचेतल्या पितळी पट्ट्या खोडरबराने पुसून. हातमोजे त्या डब्यात नाहीत. त्यांना घामाचं मीठ असतं. डबा कौलांखाली माळ्यावर नाही, कपाटात खाली, कारण मे महिन्यात माळ्यावर काय तापतं ते सगळ्यांना माहीत आहे.

काकांना परवा बंदरावर भेटून हेल्मेट दाखवलं. त्यांनी घातलं, रॉड हातात घेतला, पेटवायच्या आधी बराच वेळ खाली बघत राहिले. मग एक टाका मारून काढलं आणि किंमत विचारली. सांगितली. "पोराला घेतो," म्हणाले, आणि आपल्या जुन्या शील्डने उरलेली पट्टी पुरी केली.

पुढचं काम: विहिरीवरच्या पंपाचा पिंजरा. त्यासाठी १० नंबरचा, म्हणजे आणखी जाड, रॉड आणि १०० अँपिअरच्या वर, म्हणजे काच ११ वर. पाइप आणायचा आहे.